काकांच्या मालकीचा हिवताप

काकांच्या मालकीचं असं फार काही नव्हतं. घर भाड्याचं होतं, दात अर्धे खोटे होते, आणि ज्या लिफ्ट ते आयुष्यभर दुरुस्त करत आले त्या दुसऱ्यांच्या इमारतींत दुसऱ्यांनाच वर नेत होत्या. लिफ्ट मेकॅनिकचं काम असं असतं की ते नीट झालं तर कुणाला दिसत नाही. माणसं आत शिरतात, आरशात केस बघतात आणि बाहेर पडतात. खाली खड्ड्यात ग्रीसने माखलेला एक माणूस वाकून उभा होता म्हणून आपण चौथ्या मजल्यावर पोचलो, हा विचार आजवर कुणाच्या डोक्यात आलेला नाही. काका म्हणायचे, "माझं नाव तेव्हाच निघतं, जेव्हा कुणीतरी मधेच अडकतं. आणि ते कोणत्या शब्दांत निघतं, ते तुम्हा पोरांसमोर सांगण्यासारखं नाही."

पण काकांकडे एक हिवताप होता.

हिवताप पुष्कळांना होतो आणि गोळ्यांनी जातो. काकांचाही गेला. फरक एवढाच, की तो काकांच्या अंगातून निघाला आणि काकूच्या प्रयोगशाळेत राहायला गेला.

काकू एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होती. जगात बहुतेक लोक हिवतापाचे जंतू मारायच्या मागे असतात. काकूला ते जगवायचा पगार मिळत असे. जंतू माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खातात, म्हणून काचेच्या चपट्या बाटल्यांत रक्त आणि वर गुलाबी पोषकद्रव घालायचं, शिळं द्रव रोज काढून ताजं घालायचं, आणि बाटल्या एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवायच्या. बरणीत एक मेणबत्ती लावायची. झाकण थोडं उघडं ठेवायचं, आणि ज्योत मान टाकायला लागली की चटकन बंद करायचं. मेणबत्तीने हवेतला प्राणवायू खाल्लेला असतो, आणि उरलेली कोंदट हवा जंतूंना फार आवडते. मग ती बरणी अंगाइतक्या उबेच्या कपाटात. काकू दुकानातून मेणबत्त्यांचे पुडे घेऊन जाताना दिसली की लोकांना वाटायचं, यांच्या घरी वीज टिकत नाही आणि नवरा म्हणे मेकॅनिक.

संस्थेने एके वर्षी लांबलांबच्या दवाखान्यांतून हिवतापाच्या रोग्यांचं रक्त गोळा केलं होतं. जंतू सगळीकडे सारखेच असतात की वेगवेगळे, ते बघायचं होतं. त्याच सुमारास काका पाणी साचलेल्या एका लिफ्टच्या खड्ड्यात काम करून आले आणि कुडकुडत आडवे झाले. दवाखान्यात पहिली गोळी द्यायच्या आधी त्यांचं थोडं रक्त घेतलं, त्यांची सही घेतली, आणि त्या रक्तातले जंतू काकूच्या कपाटात नऊ नंबर म्हणून दाखल झाले. असे एकूण बारा होते. बाकीच्या अकरांचे मालक कोण, हे काकूला माहीत नव्हतं, आणि असायचंही नव्हतं. नवव्याचा मालक रोज तिच्या शेजारी झोपत असे आणि घोरत असे.

तेव्हापासून काकांच्या चालण्यात फरक पडला. खड्ड्यात उतरणारा माणूस आपलं काहीतरी उबेत ठेवून आलेला आहे, असा तो फरक होता.

ही मालकी मिरवायची जागा म्हणजे कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं दुकान. न्हावी काकांचा शाळेपासूनचा मित्र, आणि मित्र असल्यामुळेच त्याला काकांचं काही बघवत नसे. त्याच्याकडे स्वतःचे पित्ताचे खडे होते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांकडून मागून घेतलेले, झाकणाच्या बाटलीत, कंगव्यांच्या शेजारी.

"हे बघ," न्हावी म्हणायचा, "डोळ्यांना दिसतात. हातात घेता येतात. वाजतातसुद्धा. तुझं काय आहे? तू म्हणतोस म्हणून आहे."

"तुझे खडे वाढतात का?" काका विचारायचे. "नाही ना? मेलेत ते. माझे रोज जेवतात. बायको रोज वाढते त्यांना."

"आणि तुला?"

"त्यांचं झालं की."

घरी आल्यावर काकू चपला काढायच्या आत काका विचारायचे, "कसा आहे?" सुरुवातीचे काही महिने उत्तर बरं नसायचं. नऊ नंबर धड वाढत नव्हता. बाटलीतलं जगणं त्याला मानवत नव्हतं. काका तेवढे दिवस जेवणात मन नसल्यासारखे बसत. मग एका आठवड्यात चित्र पालटलं. नऊ नंबर सपाटून वाढायला लागला. काकूने सांगितलं तेव्हा काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "माझ्यावर गेलाय. मी पण शाळेत आधी मागे होतो."

"मग नंतर कधी पुढे गेलात?" काकूने विचारलं.

"ते वेगळं," काका म्हणाले.

कपाटात बाराजण रोग्यांचे आणि एक तेरावा होता. हा तेरावा कुणा रोग्याकडून आलेला नव्हता. तो परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून आला होता, तिथे आणखी कुठून आला होता, आणि कितीतरी वर्षं बाटलीतच राहत होता. मुळात तो कुणाच्या अंगात होता, त्या माणसाला थंडी वाजली तेव्हा जवळ कोण होतं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. काकू त्याला थोरले म्हणायची. काम नवीन शिकायला आलेले लोक थोरल्यांवर हात बसवायचे, कारण थोरल्यांना काहीही चालायचं. थोडं शिळं, थोडं गार, मेणबत्ती लवकर विझलेली. अनुभवी पोट होतं.

आता काकूची एक सवय. तिच्या माहेरी जेवायला वाढताना मोठ्यांना आधी वाढत, मग वयाने उतरत, आणि शेवटी ज्याला अजून नीट बोलता येत नाही त्याला. या क्रमात चूक झाली तर आत्याबाई ताटावरून उठायच्या. काकू कपाट उघडायची आणि हात आपोआप त्याच क्रमाने जायचा. पोषकद्रवाची मोठी बाटली एक. आधी थोरले. मग एक नंबर, दोन नंबर, असं करत बारा. नळी ती दर वेळी नवी घ्यायची, हात धुवायची, टेबल पुसायची. स्वच्छतेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे काही कुणी माणसाला शिकवत नाही. ते त्याला येतंच, असं सगळे धरून चालतात.

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. उंच, किडकिडीत, केसांत खोचलेली पेन्सिल दिवसभर शोधणाऱ्या. त्या एक लस तयार करत होत्या. काकूने आम्हाला ती लस अशी समजावली होती: जंतू अंगावर एक कोट घालून येतो. आपलं रक्त त्याला कोटावरून ओळखतं. पण ओळख पटेपर्यंत ताप चढलेला असतो. लस म्हणजे नुसता कोट, आत जंतू नाही. तो आधीच दाखवून ठेवायचा, म्हणजे खरा आला की दारातच धरता येतो.

"आणि त्याने कोट बदलला तर?" आमच्यातल्या कुणीतरी विचारलं.

"म्हणून तर ते बारा ठेवलेत," काकू म्हणाली.

मॅडमनी लसीसाठी कोट घेतला थोरल्यांचा, कारण तो हाताशी होता. तो सशांना टोचला. सशांच्या रक्तात तो कोट ओळखणारं द्रव्य तयार झालं. मग त्या सशांच्या रक्ताचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, एकेक थेंब करून तेराही बाटल्यांतल्या जंतूंवर घातलं. थोरले वाढायचे थांबले, ते अपेक्षितच होतं. पण एक नंबरही थांबला. दोनही. बाराच्या बारा थांबले. बारा गावचं रक्त प्यालेले जंतू, आणि एकाच कोटावरून सगळे धरले गेले. मॅडमनी केक मागवला. त्या दिवशी त्यांना पेन्सिल पहिल्याच प्रयत्नात सापडली.

काकूने ही बातमी रात्रीच्या जेवणाला आणली. काकांचा घास हातात राहिला.

"नऊसुद्धा?"

"नऊसुद्धा. दोन दिवसांत साफ."

"झटापट वगैरे काही?"

"अहो, झटापट कसली. जंतू आहे तो."

"एकाच थेंबात?"

"एकाच."

"आणि बाकीचे?"

"तेही तसेच."

"म्हणजे शेवटी पडला असंही नाही," काका म्हणाले. मग पाण्याचा पेला पुढे सरकवून बसले. "मला चार पांघरुणं पुरली नव्हती. कवळी वाजत होती, मी ती काढून ठेवली तरी हिरड्या वाजत होत्या. एवढ्या मोठ्या माणसाला त्याने लोळवलं. आणि त्याला कुणी लोळवलं? सशाने."

"सशाने नाही, सशाच्या सीरमने."

"तेच ते. पूर्ण ससासुद्धा लागला नाही."

कुठल्याही दुःखाची एक जात असते. काही दुःखं माणसं सांगून हलकी करतात. काकांचं दुःख असं होतं की ते सांगितलं की वाढत होतं, कारण ऐकणारा आधी हसत होता. तरी त्यांनी ते न्हाव्याला सांगितलं, आणि तेही मानेभोवती कापड बांधलेलं असताना, म्हणजे पळता येणार नाही अशा वेळी.

न्हाव्याने कात्री थांबवली. आरशातून काकांकडे नीट बघितलं. "तरीच म्हटलं, कान मोठे का दिसताहेत. मागून जरा झाकू का?"

पुढचे काही आठवडे तो काकांना ससेराव म्हणत होता.

इकडे मॅडमना निकाल जगाला सांगायचा होता. पण निव्वळ बारा नंबर लिहिले म्हणून ते बारा वेगळे ठरत नाहीत. ते वेगळे आहेत हे दाखवावं लागतं. वरच्या मजल्यावर एक चष्मेवाला होता, त्याचं कामच ते. तो जंतूंच्या पेशींतला वंशाचा धागा काढून एका चिकट चकतीवर पळवायचा. धाग्याचे तुकडे आपापल्या लांबीप्रमाणे पुढेमागे थांबतात आणि रेघा उमटतात. ज्याच्या त्याच्या रेघा ज्याच्या त्याच्या जागी. दोन वेगळ्या जंतूंच्या रेघा सहसा जुळत नाहीत.

बाराही जणांच्या जुळल्या. चष्मेवाल्याला वाटलं आपलंच काही चुकलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा त्याच. मग शहाणपणाने त्याने शेजारी थोरल्यांच्या रेघा पळवून बघितल्या, आणि मग तो मॅडमच्या दारात येऊन चष्मा पुसत उभा राहिला. चष्मा आधीच स्वच्छ होता.

मॅडमनी त्या रेघांचा फोटो उजेडात धरला. तेरा रकाने, आणि रेघा अशा की कुणी पट्टी ठेवून ओढल्यासारख्या.

"हे बारा नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हा एकच आहे. बारा टोप्या घालून."

त्यांनी काकूला बोलावलं. ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "द्रव घालताना आधी कुणाला घालता?"

"थोरल्यांना."

"का?"

काकूला या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. "थोरले म्हणून," ती म्हणाली.

"आणि मोठी बाटली?"

"एकच. नळी बदलते मी दर वेळी."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी सांगितलं, आणि काकूने ते उभ्यानेच ऐकलं. ओतताना बारीकसा शिंतोडा उडतो. तो मोठ्या बाटलीच्या तोंडाला बसतो. थोरल्यांचे दोनचार जण त्यातून एक नंबरमध्ये जातात, दोनमध्ये जातात. दोनचारच. पण थोरल्यांना बाटलीतलं जगणं पाठ आहे, आणि ताज्या तापातून आलेल्याला ते ठाऊक नाही. ओसरीवर बसायला जागा दिली की थोरले पाय पसरतात. महिन्याभरात घर त्यांचं आणि पाटी पाहुण्याची. म्हणून आधी नाजूक असतील त्यांना घालायचं, प्रत्येकाची बाटली वेगळी, आणि आडदांड असेल त्याला सगळ्यांच्या शेवटी.

"म्हणजे उलटं," काकू म्हणाली.

"उलटं. मीही कधी बघायला आले नाही," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, माझी लस सगळ्या कोटांना ओळखते. ती ज्या कोटाची केली, तोच कोट तिला तेरा वेळा दाखवला आणि तिने तेरा वेळा ओळखला. याच्यात लसीचं काही कौतुक नाही. आमच्या दारावरचा राखणदारही मला रोज ओळखतो."

काकू घरी निघाली. नोकरी जाणार नव्हती, हे तिला कळलं होतं. वाटेत तिला एकच घोर होता, की घरात एक माणूस आहे आणि तो चपला काढायच्या आत विचारणार आहे, कसा आहे.

त्याने विचारलं. तिने सांगितलं. आधी सोपा भाग सांगितला.

"म्हणजे सशाने मारला तो माझा नव्हताच?" काका म्हणाले.

"नव्हता. थोरल्यांपैकी होता."

"मला वाटलंच होतं." काकांचा चेहरा असा उजळला की त्यांनी आपणहून ताटं घेतली, पुन्हा एकदा भाजी वाढून घेतली, न्हाव्याला उद्या काय सांगायचं त्याची जुळवाजुळव मोठ्याने केली. हात धुताना नळ चालू असतानाच त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात आले.

"मग माझा कुठाय?"

काकू भांडं घासत राहिली.

"अगं, माझा कुठाय?"

"नाही तो आता."

"नाही म्हणजे?"

"पहिल्या वर्षीच गेला असणार. थोरल्यांनी जागा घेतली."

"आणि तू मला रोज सांगायचीस. जेवतोय म्हणून. वाढतोय म्हणून."

"मला काय ठाऊक. काचेखाली सगळे सारखेच दिसतात."

"नवऱ्याचा ओळखू येऊ नये?"

काकूने तेच भांडं पुन्हा घासायला घेतलं. याचं उत्तर जगात कुठल्याच बायकोकडे नसावं.

त्यानंतर काका काही दिवस कामावर गेले नाहीत. आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असताना ते जिन्यात बसायचे, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, जिथे बल्ब नाही. येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं, तर म्हणायचे, "घरातलं एक गेलं." विचारणारा हळहळायचा आणि कोण ते विचारायचा. मग काका सांगायचे आणि विचारणारा लिफ्टने निघून जायचा.

एकदा मी शेजारी बसले होते तेव्हा ते म्हणाले, "तो थोरला. तो ज्याच्या अंगातून आला, त्या माणसाला तरी माहीत असेल का?"

"काय?"

"की त्याचा ताप इतकी वर्षं माझ्या नावावर राहतोय. तो कुठेतरी मरूनही गेला असेल. आणि मी रोज त्याची चौकशी करत होतो." त्यांनी पायरीवरच्या धुळीत बोटाने नऊ काढला. "चांगला वाढतोय म्हटल्यावर मला आनंद व्हायचा गं."

न्हाव्याकडे तर ते फिरकलेच नाहीत. केस कानांवर आले, आणि त्यामुळे कान लपले, एवढाच काय तो फायदा.

मॅडमनी मात्र हाय खाल्ली नाही. प्रत्येक रोग्याचं रक्त पहिल्या दिवशी आलं तेव्हा त्यातलं थोडं, काकूच्या हाताने काहीही वाढलं जायच्या आधी, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेलं होतं. अशी प्रथाच आहे. त्या बाराही कुप्या बाहेर काढायच्या ठरल्या. थोरल्यांची रवानगी दुसऱ्या खोलीत झाली, त्यांचं कपाट वेगळं, त्यांची मेणबत्ती वेगळी. काकूने बारा लहान बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली, आणि सर्वांत अशक्त कोण दिसतंय ते बघून तिथून सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिचा हात दोनदा चुकीच्या बाजूला गेला आणि तिने तो दोनदा मागे घेतला.

वितळवलेल्यांपैकी काही मेलेलेच निघाले. काही धुगधुगले. नऊ नंबरमध्ये काहीच दिसत नव्हतं.

"आहे की नाही?" काकांनी विचारलं.

"कळत नाही. असले तर फार थोडे असतील. रक्तपेढीचं रक्त जुनं असतं, ते या ताज्यांना रुचत नाही. ताजं रक्त हवं. मॅडम कुणी देणारा शोधताहेत."

काका उठून उभे राहिले. "कुणी म्हणजे? त्याला घरचं खायची सवय आहे."

काकांचा रक्तगट चालण्यासारखा होता. मॅडमनी हो म्हटलं, तपासण्या केल्या, आणि दिवस ठरवला. काकांनी आठवडाभर बीट खाल्लं. जीभ जांभळी झाली. आदल्या दिवशी ते इतक्या दिवसांनी न्हाव्याकडे गेले.

"कुठे निघालास?" न्हाव्याने विचारलं. "फोटो काढायला?"

"नातेवाईक आजारी आहेत. बघायला जायचंय."

"कोण?"

"तुला ठाऊक असलेले," काका म्हणाले, आणि न्हावी त्या दिवशी, कारण कळलं नाही तरी, गुपचूप केस कापत राहिला.

प्रयोगशाळेत काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सुई टोचून घेताना त्यांनी नऊ नंबरच्या बाटलीच्या दिशेने मान केली होती. मॅडम म्हणाल्या, "आम्ही यातल्या फक्त तांबड्या पेशी घेणार. त्या धुऊन घेतो."

"धुवायला कशाला? मी आंघोळ करून आलोय."

"तसं नाही. तुमच्या रक्तात त्या तापाची आठवण शिल्लक असेल. जंतू दिसले की ते त्यांच्यावर चालून जाईल. म्हणून वरचं पाणी काढून टाकायचं आणि नुसत्या पेशी द्यायच्या."

काकांना हे लागलं. आपलं रक्त आपल्याच नऊ नंबरवर चालून जाईल, आणि आपल्याला विचारणारही नाही. "दोनदा धुवा," ते म्हणाले.

काकूचा फोन आला तेव्हा काका एका इमारतीच्या खड्ड्यात होते.

"आले," काकू म्हणाली.

"कोण?"

"तुमचे. आज दिसले. थोडे आहेत, पण आहेत."

काकांनी उडी मारली की नुसते ताठ झाले, ते सांगता येत नाही, पण डोकं वरच्या लोखंडाला आपटलं. त्या गडबडीत खड्ड्यात उतरताना बंद केलेलं लिफ्टचं बटण पुन्हा चालू करायचं राहिलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे एक सद्गृहस्थ बराच वेळ उभे होते. त्यांनी काकांचं नाव नेहमीच्या शब्दांत घेतलं. काका खालून म्हणाले, "बोला साहेब, बोला, आज मला काही लागत नाही."

जंतू पुरेसे वाढल्यावर मॅडमनी सशाचं सीरम पुन्हा घातलं. थोरले पहिल्यासारखेच थांबले. जे खरे वेगळे जगले होते त्यांच्यापैकी एकदोन जरा मंदावले. नऊ नंबर ढिम्म. त्याने तो थेंब अंगावर घेतला आणि जेवण चालू ठेवलं. चष्मेवाल्याने रेघा पळवल्या, आणि नवव्या रकान्यात एकाच्या जागी तिघांच्या रेघा उमटल्या. काकांच्या त्या एका तापात तीन वेगवेगळे जंतू होते, तीन कोटांचे.

"तीन?" काकू म्हणाली. "आणि मला रात्री एकच जण घोरतोय असं वाटायचं."

मॅडमनी समजावलं. डास एकाचं रक्त पितो, मग दुसऱ्याचं. त्याच्या पोटात या जंतूंची लग्नं लागतात. एकाची बाही, दुसऱ्याची कॉलर, असे नवेनवे कोट शिवले जातात, आणि एकाच चाव्यातून दोनतीन प्रकार सोबत उतरू शकतात. म्हणून तर ज्याला एकदा हिवताप झाला त्याला पुन्हा होतो, आणि म्हणून एका कोटावर बेतलेली लस कपड्यांच्या दुकानात हरवते.

त्या दिवशी काकांना बघायला बोलावलं होतं. काकूने काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्यांना स्टुलावर बसवलं. काकांनी डोळा लावला. "अरे वा," ते म्हणाले, "केवढे लांब. आणि काळे."

"त्या तुमच्या पापण्या आहेत," काकू म्हणाली. "जरा मागे व्हा."

ते मागे झाले, पुढे झाले, श्वास रोखला.  गुलाबी गोल पेशींच्या गर्दीत एका पेशीत निळी अंगठी दिसत होती, बारीक, आणि तिला एका बाजूला लाल खडा. मग दुसऱ्या पेशीत तशीच.  काकांनी हाताने हळू, हळू अशी खूण केली, जणू आवाज झाला तर ती उडून जातील.

मॅडम टेबलाशी डोक्याला हात लावून बसल्या होत्या. पेन्सिल केसांतच होती.

"मॅडम," काका डोळा न काढता म्हणाले, "माझ्यामुळे तुमची लस पडली."

"बरं झालं. इथे पडली. माणसांना टोचल्यावर पडली असती तर?"

"आता काय करणार?"

"आता एका कोटाने भागत नाही. पुष्कळ कोट एकत्र दाखवायचे. नाहीतर कोटाचा असा एखादा तुकडा शोधायचा, जो कुणालाच बदलता येत नाही. अस्तर म्हणा, बटणाचं काज म्हणा."

"आणि सापडला की यांनाही मारणार?"

"त्यासाठीच तर बसलोय सगळे."

काका जरा वेळ बघत राहिले. "मारा," ते म्हणाले. "ताप वाईट असतो, मला ठाऊक आहे. पण तिघांना एकदम मारा. एकालाच नेलंत तर उरलेले दोघे त्याची जागा खातील. आमचे घरमालक आणि त्यांचे भाऊ तुम्ही बघितलेले नाहीत."

"तेच तर अजून येत नाही आम्हाला," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

काकूने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. दिवा तापला होता, आणि तिची बाकीची कामं खोळंबली होती. "चला, झालं. उठा आता."

"एक मिनिट. मला थंडी कुणामुळे वाजली ते बघतोय." काकांनी स्टूल आणखी पुढे ओढलं. "तो तिसरा असणार. डावीकडे कोपऱ्यात. बघ कसा तोंड फिरवून बसलाय, लाज वाटल्यासारखा."

काकूने वाकून बघितलं.

"अहो, तो काचेवरचा डाग आहे."

"असू दे," काका म्हणाले. "बसू दे त्याला."